पिठावरचं पाखरू

कोपरखैरण्याच्या गावठाणात आम्ही भिमाकाकीच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, तेव्हा आईचं आणि माझं भांडण व्हायचं ते फक्त डब्यांवरून. श्रीखंडाचा डबा, लोणच्याची बरणी, तुपाचा पत्र्याचा डबा, जे रिकामं होईल ते मी पळवायची. झाकणाला खिळ्याने भोकं पाडायची, आत पानं ठेवायची आणि पानांवर अळ्या. लिंबावरच्या, ज्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात आणि मग हिरव्यागार होतात. रुईवरच्या पट्टेरी. कढीपत्त्यावरच्या. एकदा आईने मोहरी समजून डबा उघडला, आणि फोडणी जळून काळी झाली तरी तिची किंकाळी संपत नव्हती. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि रात्रपाळीनंतर दिवसा झोपायचे, म्हणून आमच्याकडे सगळे हळू बोलायचे, भांडीसुद्धा दबकत घासली जायची. त्या दिवशी बाबा उठून बाहेर आले, डब्यात डोकावले आणि म्हणाले, "जिवंत आहेत ना? मग ओरडतेस काय?" आणि परत जाऊन झोपले. माझ्या छंदाला घरातून मिळालेलं प्रोत्साहन म्हणतात ते एवढंच.

घर आगरी पद्धतीचं होतं. पुढे पडवी, मधे माजघर, मागे आमच्या खोल्या आणि त्यांच्याही मागे वाडी. वाडी म्हणजे काही फार नव्हतं. विहीर, शेवग्याची दोन झाडं आणि एक म्हातारा पेरू. पेरूखाली रिकाम्या टोपल्या पालथ्या पडलेल्या असायच्या, कारण काकीचा मुलगा बाळाराम एपीएमसीच्या फळबाजारात कामाला होता आणि फुटक्या टोपल्या घरी आणायचा. काकी त्यांच्याखाली कोंबड्या झाकायची. ओहोटी लागली की खाडीचा वास वाडीपर्यंत यायचा, त्यात काकीच्या अंगणात वाळणाऱ्या जवळ्याचा वास मिसळायचा. दुपारी डोंगरातल्या खदानीत सुरुंग लागायचा. आधी भोंगा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग जमिनीखालून कोणीतरी खांदा मारावा तसा धक्का. फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. काकी तांदळाच्या भाकरीला पाण्याचा हात लावता लावता थांबायची, धक्का होऊन गेला की पुन्हा थापायला लागायची.

पेरूवर पावसाळ्यात मोठ्या अळ्या यायच्या. माझ्या तेव्हाच्या बोटापेक्षा जाड, फिकट हिरव्या, अंगावर मऊ काटे आणि त्यावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुकटी. भिमाकाकीचे यजमान जोमाकाका त्यांना 'पिठोऱ्या' म्हणायचे. ते दिवसभर पेरूखालच्या खाटेवर बसून जाळं विणायचे, आणि अळ्या दिसल्या की मला हाक मारायचे, "नंदे, पिठोऱ्या आल्या बग!" दुपारी सगळं शांत असताना झाडाखाली उभं राहिलं की त्यांच्या खाण्याचा आवाज यायचा, कागद हळूहळू फाडत राहावं तसा. काका डोळे मिटून तो ऐकायचे. "जेवतात," म्हणायचे. त्यांचं पाखरू मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या एका जुन्या पुस्तकात चित्र होतं, त्यावरून एवढं ठाऊक होतं की हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा पतंग, नाव अ‍ॅटलास. गल्लीत पतंग म्हटलं की पोरांना मांजा आठवायचा. काकी चिमणीपासून चतुरापर्यंत सगळ्यांना 'पाखरू'च म्हणायची. मला गल्लीत 'अळीवाली' म्हणत.

आज मोबाइलवर फोटो टाकला की चहा निवायच्या आत तीन जण नाव सांगतात आणि चौथा ते खोडून काढतो. तेव्हा ओळखायचं म्हणजे धरायचं, मारायचं आणि थर्माकोलवर टाचणीने टोचून ठेवायचं. माझ्याकडे असा एक मोठा खोका होता आणि त्यात मधोमध मी एक जागा मोकळी ठेवली होती. ती अ‍ॅटलाससाठी.

दिवाळीच्या सुमारास जोमाकाका त्या खाटेवरच कलंडले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. त्यानंतर ते माजघरात भिंतीकडेच्या पलंगावर असत. बाळारामदादाने त्याच दिवसांत एका बिल्डरशी बोलणी सुरू केली होती. घर आणि वाडी पाडून चार मजले, दोन बिल्डरचे, दोन आपले. तो काही वाईट माणूस नव्हता. घर गळत होतं, त्याची मुलं वाढत होती, गल्लीत सगळ्यांच्या इमारती उठत होत्या. पण काकी म्हणाली, त्यांना विचारल्याशिवाय नाही. मग रोज संध्याकाळी तो बापाच्या पलंगाशी बसून मोठ्याने विचारायचा, "बाबा, वाडी देऊ ना?" काका डावा हात उचलायचे, मागे वाडीकडे दाखवायचे, आणि बोटं मिटायचे, उघडायचे, मिटायचे, उघडायचे.

"द्या म्हनतात," बाळारामदादा म्हणायचा.

"देऊ नको म्हनतात," काकी म्हणायची.

खूण तीच, हात तोच. एकदा मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "काका पिठोऱ्यांचं सांगतायत." बाळारामदादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "बापाला लकवा मारलाय आनि हिला अळ्या सुचतात!" काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि बोटं मिटत-उघडत राहिले. मला ते आवडलं नाही. मी अभ्यासाचं निमित्त सांगून उठले.

ते श्रावणात गेले. खूण कळलीच नाही.

गेलेल्या माणसाने पुढे कुठला जन्म घेतला ते बघायची काकीकडे एक रीत होती. दहाव्याच्या रात्री, माणसाने जिथे जीव सोडला तिथे जमिनीवर तांदळाचं पीठ पसरायचं, हाताने सारखं करायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलली की पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. मुंगीची रांग, पाखराचे पाय, कोणाला बाळाचं पाऊलसुद्धा दिसतं. आमच्याकडे, साताऱ्याकडे, असलं काही नव्हतं. आईने मला बजावलं, "लांब राहा. आपला संबंध नाही." पण काकी संध्याकाळी पेरूखालून टोपली घेऊन गेली, ती मी आमच्या खिडकीतून पाहिली. तिथे चार-पाच टोपल्या होत्या. तिने पहिल्या दोन बाजूला सारल्या आणि तळातली, सगळ्यात मोठी, ओढून काढली.

सकाळी उजाडता उजाडता काकीच्या घरातून बायकांचा ओरडा ऐकू आला, आणि त्यावर बाळारामदादाचा आवाज, "साप! साप हाय, बाजूला व्हा!" मग आमच्या दारावर थाप. त्याची बायको होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आये बोलवते. अळीवालीला पाठवा."

आई नको म्हणायच्या आत मी गेले होते.

टोपली एका अंगावर कलंडलेली होती. तिच्या आतल्या बाजूला, काठाशी, तो लटकत होता. ताटाएवढा, तांबड्या मातीच्या रंगाचा. पंखांच्या टोकांना सापाची डोकी असावीत तशी वळणं, त्यावर डोळासुद्धा. पंखांमधे चार त्रिकोणी खिडक्या, काचेसारख्या, त्यांतून मागची भिंत दिसत होती. खाली पिठावर पंख्याने झाडल्यासारखे अर्धगोल फराटे उमटले होते आणि मधोमध एक ओला डाग होता, तांबूस तपकिरी, वाळत आलेल्या रक्तासारखा. बाळारामदादा हातात काठी घेऊन उभा होता, पण मारत नव्हता.

"काय हाय गो?" काकीने विचारलं. ती एकटीच जमिनीवर बसलेली होती.

"पतंग आहे, काकी. पिठोऱ्यांचं पाखरू. आणि तो डाग रक्ताचा नाही. कोशातून बाहेर आलं की ते असं पाणी सोडतात." मी वाकून टोपलीच्या आत बघितलं. विणीच्या खाचेत तपकिरी रेशमाचा कोश होता, एका टोकाला उघडलेला, अजून ओलसर. "हे बघ. अळीने टोपलीतच कोश केला होता. मागच्या दिवाळीच्या सुमाराला केला असेल. तो आज फुटला."

"आयकलं ना, आये?" बाळारामदादाने काठी खाली टेकवली. त्याचा आवाज सुटला होता. "शिकलेली पोरगी सांगते. टोपलीतला किडा. टोपलीत व्हता, टोपलीतून निघाला."

काकी म्हणाली, "टोपल्या पाच व्हत्या. मी हीच का उचलली?"

मी पुन्हा कोशाकडे बघितलं.

"दिवालीला कोश केला म्हनतेस," ती पुढे म्हणाली. "दिवालीला त्यांची वाचा गेली." मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं, "आता काय खाईल ह्ये? भाकरी देऊ?"

"काही खात नाही, काकी. त्याला तोंडच नसतं."

मी पुस्तकात वाचलेलं सांगत होते, की अळी असताना जे खाल्लं त्यावरच हे जगतं, फार तर आठवडाभर. पण माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलून बसले ते. पलंग मागेच होता. त्याच्यावरची चादर काढलेली होती.

"तोंड नाय," काकी म्हणाली. "अजून पन नाय."

बाळारामदादाने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "नर हाय का मादी?"

मी मिशा बघितल्या. नराच्या मिशा कंगव्यासारख्या रुंद असतात. ह्या बारीक होत्या, आणि पोट भरलेलं, जड. "मादी."

"घ्या! म्हंजे बाप माजा बाई झाला?" तो हसला, पण कोणी साथ दिली नाही. मग मला म्हणाला, "घेऊन जा तुज्या खोक्यात. तुला पायजेच व्हता ना?"

मला पाहिजे होता. इतकं की हात आपोआप पुढे गेला. पतंगाने पंख थोडे मिटले आणि उघडले. मिटले, उघडले. काकी माझ्या हाताकडे बघत होती. "टोचनार का?" तिने विचारलं. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "नाही, राहू दे." त्या खोक्यात त्यानंतर मी काहीच टोचलं नाही. पुढे त्याला मुंग्या लागल्या, आईने तो फेकून दिला, आणि त्या वेळी आमचं भांडण झालं नाही.

दिवसभर पाखरू काकांच्या सदऱ्यावर बसून होतं. सदरा पलंगावरच्या खुंटीला होता. टोपलीवरून ते भिंतीवर आणि भिंतीवरून तिथे चढत गेलं. काकी समोर बसली होती. दुपारी मी गेले तेव्हा ती त्याच्याशी बोलत होती, "वाडी देऊ का?" तेवढ्यात खदानीचा भोंगा झाला, मग ती नेहमीची पोकळी, मग धक्का. पाखराचे पंख थरथरले. काकी म्हणाली, "का ठेवू?" दुसरा सुरुंग लागला. पंख पुन्हा थरथरले, अगदी तसेच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाली, "बगितलंस? दोनी टायमाला सारखंच. जिते व्हते तवा पन असंच."

मला वाटलं, इथे हे संपेल. पाखरू मरेल, काकी रडेल, बाळारामदादा बिल्डरला फोन करेल, आणि आम्ही गावठाणाबाहेर, सेक्टरमधे, भाड्याची खोली शोधू. मी मनाने वह्या-पुस्तकं बांधायलासुद्धा घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासायला मागच्या दारी आले तर बाळारामदादा वाडीत उभा होता. तोंडात मशेरी, पण बोट थांबलेलं. तो त्यांच्या माजघराच्या खिडकीकडे बघत होता. खिडकीच्या गजांवर, चौकटीवर आणि चुना लावलेल्या भिंतीवर पाखरं बसली होती. तसलीच, थोडी लहान, टोकांना सापाची डोकी असलेली. काही पंख पसरून निश्चल, काही भिंतीवर चढत, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. तोंडं म्हणायचं ते सवयीने. आवाज कसलाच नव्हता.

"कुटून आली ही?" तो कुजबुजला. "आपल्याकडं कदी दिसली नाय."

"नर आहेत," मी पण कुजबुजले. "मादीचा वास येतो त्यांना. लांबून येतात." हे खरं आहे. आज मी वीस जणांना फुलपाखरं दाखवत बागेत फिरवताना हे सहज सांगते आणि लोक 'वा' म्हणून मान डोलावतात. पण त्या सकाळी आमच्या चहूबाजूंना नव्या इमारती, लोखंडी सळया आणि रेतीचे ढीग होते. मी पंचक्रोशीतली झाडं पालथी घातली होती आणि एकही पतंग पाहिला नव्हता. कुठून आले, ते मलाही सांगता आलं नाही.

आतून काकी खिडकीशी आली. गजांवरच्या पाखरांमधून तिचा चेहरा दिसला. घाबरलेली नव्हती. "न्यायला आलीत," ती म्हणाली. "हळू बोला."

बाळारामदादाने मशेरी थुंकली आणि उंबऱ्याबाहेर जिथे होता तिथेच खाली बसला. त्या दिवशी तो बाजारात गेला नाही.

पाखरू पुढे चार-सहा दिवसांत मेलं, मी सांगितलं होतं तसंच. पण त्याआधी त्याने काकांच्या सदऱ्यावर अंडी घातली. शिवणीच्या कडेने, तांबूस, ज्वारीच्या दाण्यासारखी. काकीने सदरा धुतला नाही. अंडी फुटली तेव्हा तिने मला बोलावून विचारलं, "ह्यांना तोंड हाय?"

"आहे. ह्यांना फक्त तोंडच असतं, काकी."

"काय खातील?"

"पेरूची पानं."

तिने बाळारामदादाला हाक मारली. तो आला, सदऱ्यावर वळवळणारे काळे ठिपके त्याने बघितले. काकी म्हणाली, "बिल्डरला सांग, घर घे. शेवगा घे, हीर बुजव. पेरू नाय."

"आये, येका झाडासाठी तो मागची पट्टी सोडंल का? किड्यांसाठी?"

"ज्याला तोंड नव्हतं त्यानं सांगितलं," काकी म्हणाली. "ज्यांना हाय ती जेवायला मागतात. तू नाय म्हन त्यांना. माज्यासमोर म्हन."

तो नाही म्हणाला नाही. मागची पट्टी सुटली. बिल्डरने बरीच कुरकुर केली, पण सुटली. आम्ही सेक्टरमधे गेलो, इमारत उठली, काकी दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. मी मोठी झाले, नोकरी केली, संसार केला. सोसायटीच्या सेक्रेटरीशी पेस्ट कंट्रोलवरून माझी दर पावसाळ्यात जुंपते. अळ्या मारून फुलपाखरं बघायची असतील तर पडद्यावर छापून घ्या, असं मी त्यांना सभेत सांगितलं आहे. काकीकडे वर्षातून एकदा जायची. गच्चीवरून पेरू दिसायचा, गटाराचं चेंबर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधे वाकडा होऊन उभा. पिठोऱ्या कधी असायच्या, कधी नाही.

गेल्या पावसाळ्यात भिमाकाकी गेली. दहाव्याच्या दिवशी दुपारी बाळारामदादाचा फोन आला. तो आता म्हातारा झाला आहे, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून बोलतो. "नंदा, येतेस का? टोपली कनची घालू, कळंना."

मी गेले. खाली पार्किंगच्या मागे, पेरूजवळ, त्याच्या बाजारातल्या जुन्या टोपल्या अजून रचलेल्या होत्या. मी एकेक उजेडात धरून तपासली. एकीत कोश होता, भरलेला, हलवला की आत वजन जाणवायचं. ती मी बाजूला ठेवली. जे व्हायचं ते टोपलीमुळे झालं असं कोणी म्हणू नये. एक कोरी, स्वच्छ टोपली निवडून त्याच्या हातात दिली. त्याने बाजूला ठेवलेल्या टोपलीकडे बघितलं.

सकाळी मी परत गेले. त्याने टोपली उचलली. पीठ काल हाताने सारखं केलं होतं तसंच होतं. मुंगीसुद्धा नाही.

"काय नाय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"तू निवडलीस ना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आयेनं बरोबर उचलली असती."

आम्ही खाली आलो. बाजूला ठेवलेली टोपली होती तिथेच होती. तिच्याखाली फरशीवर ओला डाग होता, तांबूस तपकिरी, अजून पसरत असलेला. काठाला पाखरू लटकत होतं. पंख पुरते उघडलेले नव्हते.

बाळारामदादा गुडघे धरून खाली बसला. त्याने मला तोच प्रश्न विचारला, पण या वेळी हसला नाही. "नर का मादी?"

मी चष्मा लावला आणि मिशा बघितल्या. कंगव्यासारख्या, रुंद.

"नर."

"नर जातो कुटं?"

"मादी असेल तिथे," मी म्हटलं. "कितीही लांब असली तरी."

त्याने मान हलवली. मग उठला, भिंतीला धरत धरत पार्किंगच्या फाटकाशी गेला, आणि फाटक सताड उघडं ठेवून आला.